लाल टोपणाचे थेंब

“नीट ऐका हं. पांढऱ्या टोपणाची बाटली दर दोन तासांनी. लाल टोपणाची सकाळ, दुपार, संध्याकाळ. दोन्हींच्या मध्ये दहा मिनिटं जाऊ द्यायची. थेंब घालणार कोण?”

“मी,” मी म्हणाले.

“तुम्ही कोण, पत्नी?”

दादा फस्सकन हसला. डावा डोळा लालबुंद, त्यातून पाण्याची धार, उजेड सहन होत नाही म्हणून वर रुमाल धरलेला, आणि अशा अवस्थेतही माणूस हसला. “बहीण आहे मॅडम. हिला कोण बायको करणार? तरी एक संगमनेरचा तयार झालाय. वैशाखात बार उडवायचाय.”

डॉक्टर कर्णिक मॅडमही हसल्या. नाशिकच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळपासून बसलो होतो आणि आमचा नंबर येईपर्यंत दुपार झाली होती, पण बाईंच्या बोलण्यात घाई नव्हती. त्यांनी दोन्ही बाटल्या माझ्या हातात दिल्या आणि लाल टोपणावर बोट ठेवलं.

“पांढऱ्यातलं औषध सूज उतरवतं. हे लाल बाहुली मोठी ठेवतं. सूज असताना बाहुली बारीक राहिली तर ती आत चिकटून बसते. पूर्ण चिकटली की डोळ्यातलं पाणी तुंबतं, आणि मग डोळा जातो. तेव्हा लाल टोपणाची हयगय करायची नाही. या डोळ्याने जवळचं अंधुक दिसेल, पण ते तेवढ्यापुरतंच.”

दादाचं हसू थांबलं. “जवळचं म्हणजे किती जवळचं?”

“पुस्तक वाचताना त्रास होईल.”

“पुस्तक कोण वाचतंय,” दादा म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

येवल्यात आमच्या गल्लीत घरटी एक माग. आमच्या घरातला माग आधी बाबांचा, बाबा गेल्यावर दादाचा. दादाचं नाव प्रल्हाद. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, आणि बहिणीचं लग्न होईपर्यंत स्वतःच्या लग्नाचं नाव काढायचं नाही असं ठरवून बसलेला. मी जयमाला, घरात जयू. तिसरी आई. एवढंच आमचं घर.

दोन वर्षांत हा डोळा तिसऱ्यांदा लाल झाला होता. पहिल्या दोन्ही वेळी गल्लीने एकमुखाने सांगितलं, डोळे आलेत. आईने धण्याच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, शेजारच्या काकूंनी गुलाबपाणी दिलं, बायकांनी आपापली पोरं आत ओढली. आता डोळे येतात ते बहुधा दोन्ही येतात, सकाळी पापण्या चिकटतात, घरात एकाला आले की सगळ्यांना येतात. दादाचा एकच डोळा यायचा, त्याच्या पापण्या कधी चिकटल्या नाहीत, आणि आम्हा दोघींना कधी लागण झाली नाही. एवढी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. औषधाच्या दुकानातून कसलेसे थेंब आणले की आठ-दहा दिवसांत डोळा उतरायचा. तिसऱ्या वेळी उतरेना, तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, “हे डोळे आलेले नाहीत. आत सूज आहे. नाशिकला जा, आणि उद्यावर टाकू नका.”

दादाची पाठही दुखायची. पण त्यात सांगण्यासारखं काय होतं? आमच्या गल्लीत पाठ न दुखणारा माणूस म्हणजे किराणा दुकानदार. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून आठ-आठ तास वाकून बसल्यावर दुसरं काय होणार? सकाळी तर दादाला अंथरुणातून उठताच यायचं नाही. मी त्याचे दोन्ही हात धरून ओढायचे. “ओढ गं गाडी,” तो म्हणायचा, आणि उभा राहिला की काही वेळ म्हाताऱ्यासारखा भिंत धरून चालायचा. गंमत अशी की मागावर तासभर बसला, हातपाय हलले, की पाठ सुटायची. “काम हेच औषध आहे माझ्या लेकराचं,” आई कौतुकाने सांगायची. बाबांचंही असंच होतं. शेवटी शेवटी तर ते इतके वाकले होते की समोरून येणारा माणूस त्यांना चपलांवरून ओळखावा लागे. त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं, पाठ बोलायला लागली की माग गप्प होतो. ते ऐकत मोठा झालेल्या दादाने आपल्या पाठीला कधी बोलूच दिलं नाही.

आणि त्या वर्षी मागावर माझी साडी होती.

लोकांना वाटतं, पैठणी विणणाऱ्यांच्या बायका घरात रोज पैठण्या नेसून भाकऱ्या थापत असतील. आमच्याकडे दिव्याखाली अंधार. आईने उभा जन्म कांड्या भरण्यात घालवला, हजारो कांड्या रेशीम तिच्या हाताखालून गेलं, पण तिच्या अंगाला पैठणी कधी लागली नाही. विणून झाली की साडी जायची. माझी सुपारी फुटली त्या दिवशी दादाने चार पाहुण्यांसमोर सांगून टाकलं, “जयू माझ्या हातची पैठणी नेसून बोहल्यावर चढेल.” रामा रंगाचं अंग, डाळिंबी काठ आणि पदरावर बांगडी मोर. बांगडीएवढ्या गोलात चार मोर बसवायचे, एकेक धागा मोजून रंग भरत जायचं, एक धागा चुकला की मोराची मान मोडते. बाबांच्या मागे आमच्या गल्लीत तो दोघा-तिघांनाच जमायचा.

मी वरवर “कशाला रे एवढं” वगैरे म्हटलं. खरं सांगायचं तर मला ती साडी हवी होती. इतकी हवी होती की नवरा कसा आहे याचासुद्धा मी तेवढा विचार केला नव्हता.

नाशिकहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहाण्यासारखे दोन्ही थेंब घातले. दादा मागावर बसला. आडव्या धाग्याचा धोटा हातात घेतला, खाली पाहिलं, डोळे मिटले, परत पाहिलं.

“जयू, एका धाग्याचे दोन होऊ राहिले.”

“मॅडमनी सांगितलंच होतं.”

“एक डोळा झाकला की धागा कुठे खाली आहे नि कुठे वर, कळत नाही. दोन्ही उघडले तर सगळा गुंता. कसं करायचं?”

दोन दिवस माग बंद राहिला. तिसऱ्या दिवशी मी लाल टोपणाची बाटली घेऊन गेले, तर त्याने माझा हात धरला. “हे नको. पांढरं घाल. सूज त्यानेच जाती ना? हे तर नुसतं बाहुली मोठी करतंय. बाहुली-बाहुली खेळायचं वय राहिलं का आपलं?”

“मॅडम रागावतील.”

“मॅडमना कुठे मोर विणायचाय.”

मी हसले आणि बाटली फडताळात ठेवली. लग्नाला साडेतीन महिने होते. पांढऱ्या थेंबांनी लाली खरंच उतरायला लागली, आणि आम्हाला वाटलं, चला, निभावलं.

पंधरा दिवसांनी परत बोलावलं होतं. जायच्या दिवशी मात्र एस्टीत, विंचूर मागे पडल्यावर, मी त्याच्या डोळ्यात लाल टोपणाचे थेंब घातले. न केलेला अभ्यास परीक्षेच्या दिवशी वाचावा तसं. मॅडमनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं.

“बाहुली एका बाजूने उघडते आहे, दुसरीकडे धरून ठेवलंय. सूजही पूर्ण गेलेली नाही. थेंब घालताय ना दोन्ही?”

“हो मॅडम,” मी म्हणाले. “मीच घालते.”

“वेळेवर?”

“घड्याळ लावून.”

भिंतीवर डोळ्याचं मोठं चित्र होतं, उभा कापलेला डोळा, आतले पडदे वेगवेगळ्या रंगांत. मी त्या चित्राकडे बघत हे बोलले. मॅडमनी माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? मी नीट वेणी घातलेली, बारावी झालेली, भावाला धरून आणणारी मुलगी होते.

“मग ही सूज इतकी हट्टी का?” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “दोन वर्षांत तिसऱ्यांदा. अशी सूज बऱ्याचदा एकटी नसते. अंगात दुसरीकडे काहीतरी असतं आणि डोळ्यात दिसतं. सांधे सुजतात का तुमचे? तोंड येतं वारंवार?”

“नाही,” दादा म्हणाला.

“पाठ? कंबर? सकाळी उठताना आखडल्यासारखी होते?”

“नाही.”

“अजिबात नाही?”

“एकदम ठणठणीत आहे मॅडम.”

मी तिथेच होते, त्याच्या खुर्चीमागे. त्याच सकाळी मी गाडी ओढली होती, आणि त्या दिवशी तर दोनदा ओढावी लागली होती. मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या, सकाळी खाल्ल्यावर घ्यायच्या आणि मनाने बंद करायच्या नाहीत. यानेही फरक पडला नाही तर रक्त तपासू, एक्स-रे काढू, म्हणाल्या.

जिना उतरताना मी विचारलं, “पाठीचं खोटं कशाला बोललास?”

“खरं सांगितलं असतं तर पहिलं काय म्हणाल्या असत्या? मागावरून उठ.”

“मग उठायचं थोडे दिवस.”

“आणि तू काय नेसणार? माझी लुंगी?”

त्याने कठडा धरला होता आणि एकेक पायरी आडवा होऊन उतरत होता. मला हसू आलं. दादाचं असंच होतं, गंभीर बोलायला जावं तर हा चेष्टेवर न्यायचा, आणि मलाही ते सोयीचं होतं.

गोळ्यांनी दादाचे गाल वर आले, भूक वाढली. “पोरगं बाळसं धरू राहिलंय,” आई खुश. दादाची पाठही त्या दिवसांत हलकी झाली, ते गोळ्यांमुळे, हे आम्हाला नंतर कळलं. आम्ही म्हणालो, नाशिकचं पाणी मानवलं. महिनाभराने गोळ्या कमी केल्या तशी डोळ्यात परत लाली आली. मॅडमनी रक्ताची नि एक्स-रेची चिठ्ठी दिली. ती घडी घालून दादाने खिशात ठेवली. “लग्न होऊ दे, मग सावकाश फोटो काढून घेऊ. तुमच्या लग्नाच्या अल्बमात लावू,” म्हणाला.

चैत्र लागला आणि पदराला सुरुवात झाली. आमच्या घरात पदर शेवटी विणायची रीत आहे. खिडकीतून येणारं ऊन त्याला सोसवत नव्हतं, म्हणून मी खिडकीला जुनी चादर लावली. चादर लावली की रंग कळत नव्हते. मग मी शेजारी पाटावर बसून कांड्या हातात द्यायचे.

“हा कोणता?”

“डाळिंबी.”

“नक्की? मला काळा दिसू राहिला.”

“डाळिंबीच आहे. घाल.”

“कितवा धागा?”

“एकोणीस.”

असं आम्ही दोघांनी मिळून पहिला मोर बसवला, दुसरा बसवला. मागावरून उठला की डावा डोळा मिटून तो वर रुमाल बांधायचा. नाशिकची एक खेप आम्ही चुकवली. दवाखान्यात फोन करून मी सांगितलं, लग्नाची गडबड आहे, डोळा बरा आहे. तिसरा मोर झाला तेव्हा लग्न दोन आठवड्यांवर आलं होतं. चौथ्याला फार दिवस लागले.

शुक्रवारी दुपारी साडी मागावरून उतरली. आईने तिला हळदकुंकू लावलं. गल्लीतल्या सगळ्या बायका बघायला आल्या, उलट करून बघितली, सुलट करून बघितली. खऱ्या पैठणीला उलट-सुलट नसतं, दोन्हीकडे मोर सारखाच दिसला पाहिजे. तो दिसत होता. मान सरळ, चोच सरळ. काकू म्हणाल्या, “बापाचा हात आला गं याच्यात.” मी ती साडी नुसती खांद्यावर टाकली आणि आरशासमोर गेले. तिथून मला हलवेना. मला आठवतं, मी इतकी सुंदर दिसू शकते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दादा बाहेर ओट्यावर बसला होता, भिंतीला डोकं टेकून. मी पदर पसरून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

“कशी दिसू राहिली गं?” त्याने विचारलं.

“छान!” मी म्हणाले, आणि आत पळाले, कारण बायका हाका मारत होत्या. तो साडीबद्दल विचारत नव्हता, माझ्याबद्दल विचारत होता. उजेडाने त्याला उजवा डोळाही उघडवत नव्हता, त्याला मी दिसत नव्हते.

शनिवारी जेवण झाल्यावर त्याला उलट्या सुरू झाल्या. डोकं धरून तो गडाबडा लोळायला लागला. आई म्हणाली, पित्त खवळलं, ऊन लागलं, महिनाभर जीव मारून काम केलंय. आमसुलाचं पाणी दिलं, कपाळाला लेप लावला, तळपायाला कांदा चोळला. उलटी थांबली की तो पडून राहायचा आणि मग परत. “डोळा,” एवढंच म्हणायचा, “डोळा फुटू राहिला.” मी रुमाल सोडून पाहिलं. डोळ्याचं बुबुळ धुरकट झालं होतं, काचेवर वाफ धरल्यासारखं. मी आईला म्हटलं, नाशिकला नेऊ. आई म्हणाली, एवढ्या उलट्यांत एस्टीत कसं बसेल, सकाळी बघू. रविवारी सकाळी शेजाऱ्यांची जीप मिळाली.

मॅडमनी रविवार असूनही दवाखाना उघडला. डोळ्यातला दाब मोजला आणि परत मोजला, जणू यंत्र चुकलंय. सलाईन लावलं, मग यंत्राने किरण सोडून बाहुलीच्या कडेला छिद्र पाडलं. तुंबलेलं पाणी उतरलं, दुखणं थांबलं, दादाला झोप लागली. दुपारी त्याला उठवून त्यांनी उजवा डोळा झाकला आणि त्याच्यापुढे बोटं धरली.

“किती?”

दादा बघत राहिला.

“हात हलताना दिसतोय?”

“काहीतरी हलू राहिलंय,” तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी कमरेचा एक्स-रे निघाला. मॅडमनी तो खिडकीवर धरला आणि आईला विचारलं, यांच्या वडिलांना पाठीचा काही त्रास होता का? आईने बाबांचं वाकणं सांगितलं, चपलांचं सांगितलं, आणि अभिमानाने म्हणाली, “चाळीस वर्षं मागावर बसले होते.” मॅडमनी एक्स-रे खाली घेतला. मग म्हणाल्या, “हे मागाने होत नाही आई. हा आजार आहे. पाठीत, कमरेच्या सांध्यांत सूज धरतो. झोपून उठलं की पाठ आखडते, काम केलं की सुटते. तीच सूज डोळ्यात येते. याला औषधं आहेत.”

आईने चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिली. औषधं आहेत हे ऐकून तिला रडू कोसळलं, नाहीत म्हटलं असतं तर कदाचित कोसळलं नसतं.

माझं लग्न ठरल्या मुहूर्ताला झालं, दादाने तशी शपथच घातली. पैठणी नेसून मी बोहल्यावर चढले. दादा काळा चष्मा लावून मंडपभर फिरत होता आणि पोरी त्याला हिरो म्हणत होत्या. डावा डोळा परत आला नाही. उजव्या डोळ्यात दोनदा सूज आली, पण आता काय आहे ते माहीत होतं. आठवड्याच्या गोळ्या, दर महिन्याला रक्त, सकाळचे व्यायाम. तो डोळा टिकला. पाठ तर इतकी सुधारली की आज पन्नाशी आली तरी ताठ चालतो. मागावर मात्र तो परत बसला नाही. एका डोळ्याने खोली कळत नाही, धागा वर की खाली ते समजत नाही. गावातल्या एका मोठ्या दुकानात तो गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवतो, आणि छान बोलतो, म्हणून त्याला गिऱ्हाईक धरून असतं. लग्न त्याने केलं नाही.

सतरा वर्षं झाली. कुणी विचारलं की मी सांगते, दादाने माझ्या साडीपायी डोळा घालवला, थेंबच घालू द्यायचा नाही, कुणाचं ऐकेल तर शपथ. सासरी, माहेरी, माझ्या मुलांना, सगळ्यांना मी हेच सांगितलंय. पहिल्या तीन महिन्यांपुरतं ते खरंही आहे.

शेवटच्या आठवड्याचं खरं नाही. चौथा मोर अर्धा झाला होता, सोमवार होता. दादाने धोटा खाली ठेवला आणि म्हणाला, “जयू, आज तेवढं लाल टोपणाचं घाल गं. डोळ्यात कुणी अंगठा घालून दाबल्यासारखं होऊ राहिलंय.”

मी कांडीचं टोक शोधत होते. मी म्हणाले, “अर्धाच मोर राहिलाय दादा. आत्ता घातलं की परत तीन दिवस गेले. हळद आठवड्यावर आलीय.”

“बरं,” तो म्हणाला.

मंगळवारी त्याने परत विचारलं. “दोनच दिवस रे,” मी म्हणाले. तो परत म्हणाला, “बरं.” बाटली फडताळात होती, त्याच्या हाताला लागेल अशी. त्याने ती घेतली नाही, मी नको म्हटलं होतं म्हणून. बुधवारी त्याने विचारलंच नाही. मी धागे मोजत होते, तो विणत होता.

आणि त्या रविवारी संध्याकाळी, एक्स-रे खाली ठेवल्यावर, मॅडमनी कागद काढले आणि सुरुवातीपासून बघत गेल्या. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

“मला एक कळत नाही. लाल टोपणाचे थेंब दिवसातून तीनदा जात असते तर बाहुली अशी सगळीकडून चिकटलीच नसती. थेंब कोण घालत होतं?”

आई म्हणाली, “ही घालायची. हिच्याकडेच होतं सगळं.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगणार होते. अजूनही मला वाटतं की मी सांगणारच होते, तोंड उघडलं होतं.

“हिचा काही दोष नाही मॅडम,” दादा पलंगावरून म्हणाला. एका डोळ्यावर पट्टी, हाताला सलाईन, आवाज बसलेला. “ही बिचारी रोज बाटली घेऊन मागे यायची. मीच हात झटकायचो. शेवटी शेवटी तर रडली सुद्धा. मी नाही ऐकलं.”

“अहो, तुमचं पोट डोळ्यावर!” मॅडमचा आवाज पहिल्यांदाच चढला. “तुम्हाला समजावून सांगितलं होतं मी. स्वतःच्या हाताने डोळा घालवलात तुम्ही.”

“हो,” दादा म्हणाला. “चुकलं माझं.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “खरंय का हे?”

दादा उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघत होता. मी हो म्हणून मान हलवली. तेव्हा त्याने तोही डोळा मिटला आणि उशीवर डोकं टेकलं, जिवाला लागलेला घोर उतरल्यासारखं.